मुक्या पोराची हाक

व्याख्यान चांगलं झालं तर त्याला काय काय मिळणार होतं, ते आधीच मांडून टाकू. मागाहून कुणाला ठकवल्यासारखं वाटायला नको. विभागप्रमुखाची खुर्ची, जिचा एक हात सैल होता. त्या खुर्चीमागची खिडकी, जिच्यातून एका झाडाचा फक्त वरचा निम्मा भाग दिसायचा आणि जी उघडायचा हक्क इतकी वर्षं एकाच माणसाला होता. त्याच खुर्चीवर डोळा ठेवून असलेल्या व्याकरणाच्या बाईंच्या चेहऱ्यावर दोन-चार दिवस सहज टिकेल असा आंबट भाव. आणि घरी बायकोचं "बरं झालं", जे ती मिठासारखं जपून वापरायची. कॉलेजातली पोरं त्याला यमकसर म्हणत, कारण वाक्याचा शेवट तो नेहमी पहिल्या बाकाकडून पूर्ण करून घ्यायचा. हे नाव त्याला ठाऊक होतं, आवडतही होतं, पण आवडतं हे दिसू द्यायचं नाही एवढा धूर्तपणा त्याच्यापाशी होता. खर्चाच्या बाजूला त्या सकाळी काहीच दिसत नव्हतं. दुपारी मावशीला वृद्धाश्रमात पोचवायचं होतं, पण ती बाब त्यानं वेगळ्या खान्यात टाकून ठेवली होती. शहाण्या माणसाची बेरीज सहसा चुकत नाही. तो चुकतो खाने पाडताना.

तो राहायचा त्या इमारतीच्या तळमजल्यावर एक पाळणाघर होतं. जिन्यावरून उतरताना त्याचं दार नेहमी अर्धं उघडं दिसायचं, आणि त्यातून पावडर आणि उकळलेल्या बाटल्यांचा वास यायचा. आज त्या दारात एक तरुण बाई उभी होती, खांद्याला ऑफिसची पिशवी, कडेवर वर्षाचं पोर. पोर सांभाळणाऱ्या बाईंच्या हाती देता देता ती त्याच्या चहाड्या सांगत होती. "भारी डांबिस आहे हो हा. सरळ झोपायचा म्हणून नाही. कान चोळायला लागला ना, की समजा, नाटक सुरू. आणि दूध गार असलं की थुंकतो मेला." सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "असू दे हो, बघते मी त्याच्याकडं." पोराला खांद्यावर टाकताना त्यांचं एक बोट आपसूक त्याच्या कानामागं गेलं. आई गेली. पोर रडलंदेखील नाही. आणि यमकसर, हातात व्याख्यानाचे कागद, बगलेत छत्री, शेवटच्या पायरीवर उभाच राहिला, एखाद्यानं मागून नाव घेऊन हटकावं तसा.

कारण ते वाक्य त्याचं होतं. दूध गार असलं की थुंकतो मेला. स्वतःविषयी ऐकलेलं, आठवणीत सगळ्यात तळाशी असलेलं वाक्य. ते मावशीच्या आवाजात होतं, जरा घोगऱ्या, जिना चढून आल्यावर दम लागलेला असतो तसल्या आवाजात. आईच्या स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या सावलीत तो डबे रचत बसलेला. आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, ओट्याशी. आणि मावशी दाराच्या चौकटीला टेकलेली. ती त्या घरात कधी बसायची नाही. उभ्या उभ्या यायची, उभ्या उभ्या पाणी प्यायची आणि निघताना त्याच्याबद्दल काहीतरी वाईट सांगून जायची. ताई, हा अंधारात जायचा नाही हां, भित्रा आहे. ताई, याला चपलेचा भारी कंटाळा. ताई, हा थोपटल्याशिवाय निजत नाही, लाडोबा नुसता. नाव घेऊन हाक ती कधीच मारायची नाही. 'हा', 'याला', 'याचं'. नाव ठेवायचा मान थोरलीचा होता, आणि मावशीनं तो मान इतका पाळला की ते नाव तोंडातसुद्धा घेतलं नाही. आपण या मावशीच्या पोटचे, हे त्याला केव्हा कळलं ते सांगता येणार नाही. घरात कुणी ते लपवलं नव्हतं, फक्त उच्चारलं नव्हतं. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन मुलगे आधीचेच, तिसरा हा न विचारता आलेला. आणि थोरलीकडं घर होतं, घरात पोर नव्हतं. सरळ गणित. त्यात मुलाला एकच प्रश्न पडायचा: तिघांतून मीच का? आणि त्याचं उत्तर मावशी दर खेपेला दारात उभी राहून देऊन जायची. हा भित्रा, हा हट्टी, हा थुंकणारा. दुकानदार खराब माल आधी खपवतो, हे शहाणपण त्याला वयाच्या मानानं लवकर आलं. त्यानंतरची सगळी वर्षं तो मावशीशी अतिशय नीट वागला. नीट वागणं हा राग ठेवायचा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे; त्याला भाडं पडत नाही.

हातातल्या कागदांत एक गाणं होतं. डोंगरापलीकडच्या कुणा म्हातारीनं गायलेलं, एका विद्यार्थिनीनं टेपवर धरून आणलेलं. पोर दुसऱ्या बाईला देऊन टाकणाऱ्या बाईचं गाणं. ऐकताना पहिल्यांदा त्यालाही वाटलं होतं की ही आई आहे की वैरीण:

ने गं बाई, ने गं, पोर रडवं रातीचं
दिवा मालवता भितं, काळीज गं मातीचं

ने गं बाई, ने गं, तोंड कडूच पोराचं
ऊन घास असल्याविना नाही गिळत कुणाचं

ने गं बाई, ने गं, पोर मुकं गं अडाणी
ओठ चाटाया लागलं, समज मागतंय पाणी

ने गं बाई, ने गं, मागं वळून बघू नको
पोर लबाड गं मोठं, हाक मारील, ऐकू नको

कागदात त्यानं याचा चोख निकाल लावला होता. व्याजस्तुती: वरून निंदा, आतून स्तुती. आईला पोराचं कौतुक करवत नाही, करायला गेली तर हुंदका येईल, म्हणून ती नावं ठेवते. आणि ऐकणाऱ्यानं ती उलटी करून वाचायची. 'ने गं बाई' ही पुनरुक्ती. मातीचं काळीज, रूपक. शिवाय तळाशी एक टीप, जिचा त्याला विशेष अभिमान होता: मुकं पोर शेवटच्या कडव्यात हाक कसं मारील? ही विसंगती पाहता दोन वेगळ्या गीतांची सरमिसळ झालेली असावी. असल्या टिपेवर अभ्यासकाची खुर्ची पक्की होत असते. पण आता कॉलेजच्या रस्त्यानं चालताना, कपड्यांच्या दुकानाची शटरं वर जाण्याचा आवाज, सिग्नलला थांबलेल्या गाड्यांची धग, या सगळ्यातून त्याला ते एक बोट दिसत राहिलं, कानामागं गेलेलं. बाईंना कुणी सांगितलं नव्हतं की कान कुरवाळा. सांगितलं होतं की हा नाटकी आहे. मग दिवा मालवता भितं, म्हणजे काय झालं? दिवा ठेव. ऊन घासाविना गिळत नाही, म्हणजे गरम भरव. ओठ चाटायला लागलं की पाणी दे. तो रस्त्याच्या कडेला थांबला, आणि मागून येणाऱ्या माणसानं "काका, सरका की जरा" म्हणत त्याला वळसा घातला. यात स्तुती कुठं होती? बाईनं कौतुकाचा एक शब्द वाया घालवला नव्हता. प्रत्येक दोषाच्या पोटात तिनं एकेक काम ठेवलं होतं, आणि घेणाऱ्या बाईला वाटत राहणार होतं की आपण एक तक्रार ऐकून घेतोय. पोर घेणारी नेहमी वरची असते. तिचं घर मोठं, हात वर. वरच्या माणसाला सूचना करता येत नाहीत. पण आपल्या मालाची निंदा त्याच्यापुढं हवी तेवढी करता येते, ती तो आवडीनं ऐकतो, आणि आवडीनं ऐकलेलं विसरत नाही. काय डोकं चाललं असेल त्या बाईचं! हातातून पोर जातंय, चालीत एक मात्रा कमी पडत नाही, यमक चुकत नाही, आणि एवढ्या धामधुमीत तिनं दिवा, घास, पाणी अशी सगळी तजवीज करून ठेवली. आणि आपण तिच्यावर शिक्का काय मारला, तर व्याजस्तुती. चालता चालता त्याला हसू आलं, आणि पाठोपाठ ओट्याखालची ती सावली आठवली, तिथं रोज संध्याकाळी मिळणारा, हाताला भाजणारा दुधाचा पेला आठवला, आणि हसू अर्ध्यावर राहिलं.

व्याख्यानात त्यानं कागद बाजूला ठेवले. लोक याला धाडस म्हणतात. हिशेबी माणूस म्हणेल, हातचं सोडलं. प्राचार्य, बाहेरून आलेले तज्ज्ञ, व्याकरणाच्या बाई आणि मागं पोरं. तो बोलत गेला आणि त्याला कळत होतं की आपण वाक्यं पहिल्या बाकाकडून पुरी करून घेत नाही आहोत. दोषांच्या पोटातली कामं त्यानं एकेक सोडवून दाखवली. शेवटच्या कडव्यापाशी त्याला तिथल्या तिथं सुचलं, की मागं वळून बघू नको हे घेणारीला सांगायचं कारणच काय? ती पोराला घेऊन पुढं चालली आहे. हाक मागं राहिलेलीला ऐकू येणार. म्हणजे इथं बाई बोलता बोलता स्वतःकडं वळली, आणि वळल्याची खूणसुद्धा ठेवली नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी लिहायची थांबली होती. व्याकरणाच्या बाई मात्र थांबल्या नाहीत.

"सर, व्याजस्तुती नाही म्हणता. मग अलंकार कोणता?"

"नाव नाही सापडलं."

"म्हणजे दागिना आहे, पण कुठल्या कप्प्यात ठेवायचा ते ठाऊक नाही." पोरं हसली. "आणि मुकं पोर हाक कसं मारतं?"

"ती... सरमिसळ असावी. दोन गीतांची." सकाळपर्यंत जी टीप त्याच्या अभिमानाची होती, ती आता तोंडातून निघताना त्याला उधारीवर आणल्यासारखी वाटली. बाहेरच्या तज्ज्ञांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "विवेचन हृद्य आहे." त्या धंद्यात हृद्य म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं, शोकसभेत माणूस मनमिळाऊ होता म्हणतात, त्यातलाच प्रकार. प्राचार्यांनी व्याकरणाच्या बाईंना विचारलं, चहा इथं घेणार की केबिनमध्ये. खिडकी गेली, हे त्याला तेवढ्यावरून कळलं. आश्चर्य एवढंच की लागलं फारसं नाही. त्याच्या डोक्यात ते मुकं पोर बसलं होतं.

टॅक्सीत मावशी पिशवी मांडीवर घेऊन बसली. सकाळी बायकोनं तिला हाताला धरून जिना उतरवण्याची तालीमही करून घेतली होती, आणि त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं: "तिथं महिनाभर ठेवून बघतात. त्रासाचं माणूस असलं की परत पाठवतात. तेव्हा गोड बोल. एरवी बोलतोस तसं खरं-बिरं बोलू नकोस." बायको दुष्ट नव्हती. दोघं दिवसभर बाहेर, मावशी दोनदा पडलेली, एकदा गॅस तसाच राहिलेला. तिच्याबरोबर राहिलेल्या दोन मुलांपैकी एकाचा फोन लागत नव्हता आणि दुसऱ्याचा लागत होता, हे जास्त वाईट होतं. देऊन टाकलेला तेवढा उरला होता.

"कसं झालं तुझं भाषण?" मावशीनं विचारलं.

"पडलो."

"लागलं नाही ना कुठं?" म्हणाली आणि बाहेर बघत बसली. तिच्या थट्टेला कधी चेहरा नसायचा.

"मावशी, एक विचारू?"

"विचार. उतरेपर्यंत मी तुझीच आहे."

"लहानपणी मी गार दूध थुंकायचो?"

तिनं पिशवीचे बंद उगाच घट्ट केले. "कुठलं रे. तू मिळेल ते प्यायचास, मांजरासारखा. गार, साय धरलेलं, कसलंही. कधी रडला नाहीस. तेच तर भ्या वाटायचं मला."

"मग?"

"मग काय. ताईकडं दूध सकाळी एकदा तापायचं, ते दिवसभर ओट्यावर. वाईट नव्हती ती. पोराची सवय नव्हती तिला. आणि मी धाकटी. 'ताई, गरम करून देत जा' म्हटलं असतं, तर पुढच्या खेपेला पायरीवरूनच परत यावं लागलं असतं. मग घातलं तुझ्या नावावर. थुंकतो मेला, म्हटलं."

"आणि अंधार?"

"बाहेरच्या खोलीत एकटं निजवायची तुला. तुला भ्यायचंसुद्धा कळत नव्हतं. मग म्हटलं, भित्रा आहे."

"आणि चपलेचा कंटाळा?"

"ते खरं आहे," मावशी म्हणाली. "ते अजून आहे."

टॅक्सी एका शाळेपाशी अडकली. मुलं रस्ता ओलांडत होती. तो म्हणाला, "मला वाटायचं, तुला मी नको होतो. म्हणून नावं ठेवतेस."

"वाटत होतं ना. दिसायचं की तुझ्या तोंडावर." ती अजून बाहेरच बघत होती. "म्हटलं, वाटू दे. दूध गरम मिळतंय."

पुढचा रस्ता कसा गेला ते त्याला सांगता आलं नसतं. पुढच्या सीटच्या रेक्झिनला एक चीर होती आणि तिच्यातून पिवळा स्पंज बाहेर आला होता, एवढं आठवतं. म्हणजे सगळे दोष खरे नव्हतेच. काही तिनं घडवले होते, हवी ती वस्तू मिळवायला, आणि एकेक त्याच्या अंगावर चढवला होता, बेतून शिवल्यासारखा. तेव्हा कुठं त्याला ते मुकं पोर कळलं. सरमिसळ कसली? मुकं आहे हे बाईला ठाऊक होतं. तिनंच तर आदल्या कडव्यात सांगितलं. हाक ते मारणार नव्हतं. त्या घरात पोराला दिवा मिळेल, घास मिळेल, पाणी मिळेल, पण मागून कुणी आपल्याला हाक मारणार नाही, एवढं तिला कळत होतं. म्हणून मुक्या पोराच्या नावावर तिनं एक हाक घातली. लबाड आहे, मारील हाक. सबंध गाण्यात स्वतःसाठी म्हणून मागितलेली एवढी एकच गोष्ट, आणि तीही चोरून, पोराचा दोष म्हणून. असली बाई कुणी नुसती गाण्यात ऐकली असती तर टाळी देऊन मोकळा झाला असता. त्याच्या शेजारी ती पिशवीचे बंद आवळत बसली होती.

वृद्धाश्रमाच्या मेट्रन जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेल्या, आणि आवाज रेल्वेच्या घोषणेसारखा सगळ्यांना एकाच मापाचा. मावशी बाकावर बसली. तो टेबलापुढं.

"सवयी सांगा. काही त्रास असेल तर आत्ताच. मागाहून कळलं तर आम्ही ठेवून घेत नाही."

"काही त्रास नाही हो," तो म्हणाला. "अगदी शांत आहे. काही मागत नाही."

"वा. मग मोठ्या खोलीतली मधली खाट देते. शांत बायका तिथंच घालतो आम्ही."

उघड्या दारातून ती खाट दिसत होती. दोन खाटांमधली, पायथ्याशी भिंत, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. शांत माणसाला जे उरतं ते. मांजरासारखं पिणाऱ्याला ओट्यावरचं गार. त्याला बायकोचं बजावणं आठवलं, महिन्याची मुदत आठवली, घरी तसाच राहिलेला गॅस आठवला. आणि तरी त्याचं तोंड उघडलं.

"म्हणजे शांत दिसते. तशी भारी हट्टी आहे. चहा कोमट असला तर कप तसाच परत करते." मेट्रननी चष्मा खाली घेतला. "डाव्या बाजूनं कुणी बोललं तर ऐकूच न आल्याचं सोंग करते. संध्याकाळी चार पावलं चालवलं नाही तर रुसते. आणि..." इथं त्यानं त्या मधल्या खाटेकडं पाहिलं. "खिडकीशी नसली की हाका मारत बसते. माझ्या नावानं. आम्ही वैतागलो अगदी."

"हाका? मोठ्यानं?"

"मजला उठतो."

पेन थांबलं. मेट्रन कागदाकडं बघत राहिल्या. पुढच्या वाक्यात त्या 'सॉरी' म्हणू शकत होत्या, आणि त्यानं टॅक्सी सोडून दिली होती. मग त्या मान वळवून बाकाकडं बघत म्हणाल्या, "काय हो आजी, खरं का हे?"

मावशीनं त्याच्याकडं पाहिलं. या आधी तिनं त्याच्याकडं असं कधी पाहिलं असेल तर ते तो आठवायच्या वयाचा व्हायच्या आधी. मग ती मेट्रनना म्हणाली, "हा येत नाही म्हटल्यावर मारणारच की हाका."

"इथं असलं चालायचं नाही हं. कोपऱ्यातली खिडकीची खाट द्या यांना," मेट्रन आत ओरडल्या. "मध्ये घातलं तर सगळ्यांची झोप घालवतील."

खिडकी बेताची होती. तिच्यातून झाडाचं नुसतं खोड दिसायचं, फांद्या पार वर राहिलेल्या. मावशीनं पिशवी उशाशी ठेवली, गज हातानं हलवून बघितले, पक्के आहेत म्हणाली. शेजारच्या खाटेवरची बाई आत्ताच पाठ फिरवून झोपली होती. बातमी पोचली होती.

"आता मला अधूनमधून ओरडावं लागणार," मावशी हळूच म्हणाली. "तू घालून ठेवलंस."

"आठवड्यातून एखादी मार. तेवढ्यानं भागेल."

"सवय नाही रे मला. नाव घेऊन." आणि तिनं पदराचं टोक तोंडाशी नेलं, पुसायला की लपवायला, ते तिचं तिला.

तो जिना उतरला, अंगण ओलांडलं, फाटकाची कडी काढली. तेवढ्यात वरून हाक आली. घोगरी, जिना चढून आल्यासारखी, थोरलीनं ठेवलेलं ते नाव, सबंध, एक अक्षर न गाळता. मेट्रनचा आवाज आला, "झालं का सुरू!" कुणीतरी खिडकी आपटली. मागं वळून बघू नको, असं गाण्यात होतं. तो वळला, आणि ती दुसऱ्यांदा हाक मारीपर्यंत उभा राहिला.

आता जमाखर्च. व्याकरणाच्या बाईंना खिडकी मिळाली, झाडाच्या वरच्या निम्म्या भागासकट. मावशीला मिळाली, खोडासकट. आईला जन्मभर, थुंकणारं पोर सोसलं म्हणून नाव मिळालं. त्याला गरम दूध आणि दिवा. पाळणाघरातल्या पोराचा कान रोज कुणीतरी कुरवाळत असेल. खर्चाच्या बाजूला त्याची एक खुर्ची, तीही हात सैल झालेली, ती सोडून देऊ. बाकी सगळं एकाच बाईनं भरलं: पहिल्या वेळी पोराच्या नजरेतून उतरून, दुसऱ्या वेळी मजल्यावर ओरडणारी म्हातारी ठरून. या दुसऱ्या खेपेला, नाव घेऊन मारलेली हाक तेवढी तिच्या पदरात पडली.